कडुनिंबाचा अर्क आणि झिंक ऑक्साइडचे नॅनोकण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कडुनिंबाचा पाला वापरून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण करायचे आहेत. नेमकी प्रमाणं सांगाल का?

ताजी पानं २० ग्रॅम. धुऊन चिरा, १०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात ७० अंशांवर अर्धा तास ठेवा आणि व्हॉटमन १ या गाळणकागदातून गाळा. अर्क फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसच ठेवा, पुढे बुरशी धरते. ५० मिलि अर्कात ५ ग्रॅम झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट विरघळवून ७० अंशांवर घट्ट लगदा होईपर्यंत ढवळा. मग मुशीत काढून भट्टीत ४०० अंशांवर दोन तास. मूस तिसरा हिस्साच भरा आणि तापमान मिनिटाला ५ अंशांनी वाढवा. नायट्रेट आणि अर्कातले सेंद्रिय पदार्थ एकत्र तापले की मिश्रण एकदम पेटून उसळू शकतं. नायट्रोजन डायऑक्साइडचा विषारी तपकिरी धूरही निघतो, म्हणून धूर ओढून नेणारी सोय नसेल तर हे करूच नका. हाती जास्तीत जास्त १.३७ ग्रॅम पावडर येते. वजन त्याहून जास्त भरलं, तर काहीतरी जळायचं राहिलंय.

प्रश्न : पावडर राखाडी आली.

कार्बन उरलाय. ५०० अंशांवर, हवा खेळती ठेवून, आणखी तासभर भाजा. त्याहून फार वर गेलात तर कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. गरम असताना पिवळी दिसली तर घाबरू नका. झिंक ऑक्साइड तापल्यावर पिवळं होतं, निवल्यावर पांढरं.

प्रश्न : ‘पानांतल्या पॉलिफेनॉलमुळे झिंकचं क्षपण होतं’ हे वाक्य परीक्षकांनी खोडलं. का?

बरोबर खोडलं. चांदीच्या कणांचं स्पष्टीकरण इथे जसंच्या तसं उचललं जातं. चांदीचा आयन इलेक्ट्रॉन घेऊन धातू होतो, ते क्षपण. झिंक मात्र नायट्रेटमध्येही +२ आणि ऑक्साइडमध्येही +२ च असतं. अर्कातले रेणू झिंकच्या आयनांना धरून ठेवतात, भाजताना जळतात आणि कणांची वाढ आवरायला मदत करतात. ऑक्साइड होतं ते भट्टीतल्या उष्णतेने. अर्काऐवजी नुसतं पाणी घेऊन हाच प्रयोग करा, तरीही झिंक ऑक्साइड मिळेल. हा तुलनेचा नमुना नसेल, तर वनस्पतीने काय केलं हे सांगताच येत नाही. ४०० अंशांवर भाजलेल्या कणांवर ‘कडुनिंबाचं औषधी आवरण’ आहे, हा दावाही टिकत नाही.

पावडर झिंक ऑक्साइडचीच आहे ना, हे तपासायला क्ष-किरण विवर्तनात ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांच्या कोनांवरची (२θ) शिखरं पाहा. शिखरांच्या रुंदीवरून शेररच्या सूत्रातून स्फटिकाचा आकार मिळतो, अख्ख्या कणाचा नाही. त्यासाठी टीईएम, म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

प्रश्न : पावडर टाकल्यावर मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग अंधारातच उतरायला लागला. हे प्रकाश-उत्प्रेरण, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने पावडरीने रंग मोडणं, म्हणायचं?

नाही, रंग पावडरीला चिकटला. लिटरला १० मिलिग्रॅमचं १०० मिलि द्रावण घ्या, ५० मिलिग्रॅम पावडर टाकून अर्धा तास अंधारात ढवळा. त्यानंतरचं ६६४ नॅनोमीटरवरचं शोषण म्हणजे तुमचं शून्य. मग ३६५ नॅनोमीटरचा दिवा लावा. पावडरीशिवाय फक्त दिव्याचाही एक नमुना ठेवा. द्रावण आम्लधर्मी नको, त्यात झिंक ऑक्साइडच विरघळतं.

प्रश्न : शेतकरी आहे. हे घरी करून पिकावर फवारू का?

नको. धूर विषारी, आकारावर ताबा नाही, आणि पावडर ओढ्यात गेली तर जलचरांना घातक. झिंकची कमतरता असेल तर झिंक सल्फेटची ०.५ टक्के फवारणी, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम आणि पानं करपू नयेत म्हणून २५ ग्रॅम विरलेला चुना. त्याआधी माती तपासून घ्या.