नोकरी सोडून मोबाइलसाठी व्हिडिओ करावेत का?

आपल्या पत्राचा आशय असा: गेले सात महिने नोकरी सांभाळून आपण घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे, मोबाइल उभा धरून पाहायचे छोटे व्हिडिओ करीत आहात, त्यांतील एकाला नुकतेच वीस लाख व्ह्यूज मिळाले, आणि आता दहा महिन्यांच्या घरखर्चाएवढ्या बचतीतील सहा महिन्यांची रक्कम कॅमेरा, दिवे व संगणकावर घालून नोकरीचा राजीनामा द्यावा, असा आपला विचार आहे. शिवाय अवजारांच्या एका कंपनीने आपल्यापुढे प्रस्ताव ठेवला आहे, आणि त्यात वर्षभर दुसऱ्या कंपनीच्या अवजारांचा उल्लेख न करण्याचे कलम आहे. माझे मत आधीच सांगतो. व्हिडिओ जरूर करीत राहा, परंतु राजीनामा आणि ही खरेदी दोन्ही आज करू नका.

यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य (सबस्क्रायबर) हवेत, आणि त्यासोबत एकतर ९० दिवसांत शॉर्ट्सना, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंना, १ कोटी व्ह्यूज, नाहीतर १२ महिन्यांत मोठ्या व्हिडिओंना ४,००० तासांचा वॉच टाइम, म्हणजे प्रेक्षकांनी पाहण्यात घालवलेला एकूण वेळ, हवा. १ कोटी म्हणजे सलग तीन महिने रोज सरासरी १ लाख ११ हजार व्ह्यूज. आपला गाजलेला व्हिडिओ या वाटेचा जेमतेम पाचवा हिस्सा आहे, त्याचे व्ह्यूज ९० दिवसांनंतर हिशेबातून गळत जातील, आणि पात्र ठरण्यापूर्वीच्या व्ह्यूजचे पैसे मिळतच नाहीत. दुसरी वाट मोठ्या व्हिडिओंची: ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे, म्हणजे प्रत्येक प्रेक्षक सरासरी पाच मिनिटे थांबला तर ४८ हजार व्ह्यूज पुरतात. ज्याचे यंत्र समोर उघडे पडले आहे तो प्रेक्षक पाच मिनिटे थांबतो, म्हणून आपल्या विषयाला ही वाट अधिक मानवेल असे मला मनापासून वाटते. जाहिरातींतील वाटाही शॉर्ट्सवर ४५ टक्के, तर मोठ्या व्हिडिओंवर ५५ टक्के आहे. छोटे व्हिडिओ प्रेक्षक जोडण्यासाठी ठेवा आणि उत्पन्नाची मदार मोठ्यांवर ठेवा.

खरेदीविषयी. केवळ मोबाइलसाठी दर्जेदार मालिका बनवणारी क्विबी ही सेवा सुमारे १.७५ अब्ज डॉलरचे भांडवल घेऊन एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बंद पडली. निर्मितीवर ओतलेला पैसा प्रेक्षक आणून देत नाही, हे तिथे मोठ्या प्रमाणावर दिसले. आपला सध्याचा फोन पुरेसा आहे. आवाज स्वच्छ येण्यासाठी कॉलर माइक आणि फोन स्थिर ठेवण्यासाठी स्टँड घ्या. कॅमेरा लागलाच तर भाड्याने आणा.

नोकरी केव्हा सोडावी, याची माझी कसोटी थोडी कडक आहे. पुढील बारा महिन्यांचे व्हिडिओंचे उत्पन्न महिन्यागणिक लिहून ठेवा. त्यांतील सर्वांत कमी उत्पन्नाच्या तीन महिन्यांची सरासरी घरखर्चाच्या निम्म्याच्या वर गेली, निम्म्याहून अधिक पैसे एकाच ठिकाणाहून येत नसले, आणि बचत तोवर तशीच शाबूत राहिली, तर राजीनाम्याचा विचार करावा. चांगल्या महिन्यांवरून हिशेब मांडू नये, कारण घरखर्च वाईट महिन्यातही तेवढाच असतो. येणाऱ्या प्रत्येक रकमेतून करासाठीचा भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. एकाच मंचावर विसंबण्याचा धोकाही खरा आहे: सहा सेकंदांच्या व्हिडिओंचे व्हाइन हे ॲप लोकप्रिय होते, तरी २०१६ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली.

राहिला अवजारांच्या कंपनीचा प्रस्ताव. पैशांऐवजी वस्तू मिळणार असतील तर त्यातून घरखर्च भागत नाही, शिवाय अशा वस्तूंवरही कर लागू शकतो, तो आधी विचारून घ्या. मला त्याहून अधिक खटकते ते वर्षभर दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या अवजारांचा उल्लेख न करण्याचे कलम, कारण दुरुस्तीच्या व्हिडिओंत आपली खरी कमाई अशा उल्लेखांतूनच होऊ शकते. ते कलम काढून घ्या, किंवा त्या वर्षाचा मोबदला रोख रकमेत ठरवून घ्या. तोवर सही करू नका.