अख्खा धबधबा नको, हातभर पाणी पुरे

प्रश्न : दर पावसाळ्यात आम्ही ठोसेघरला जातो. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आणि ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. फोटो स्वच्छ येतात, पण सगळे कॅलेंडरवरच्यासारखे. पाण्याचे जवळून काढलेले, चित्रासारखे वाटणारे फोटो कसे काढतात? त्यासाठी पाण्यात उतरावं लागतं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : पाण्यात मुळीच उतरू नका. ठोसेघरचा धबधबा समोरच्या गॅलरीतून पाहायचा असतो. तिथून तुमची लेन्स ३०० वर नेली तरी फ्रेममध्ये धबधब्याचा बराच मोठा तुकडा येईल. त्यात आकाश येऊ देऊ नका, वरची कड आणि खालचा डोहही नको. नुसती मधली धार आणि तिच्या मागचा काळा कातळ. असा फोटो पाहणाऱ्याला धबधबा किती उंच आहे ते कळत नाही आणि तो पाण्याचा आकार बघायला लागतो. मला तेच हवं असतं.

खरं क्लोज-अप मात्र घाटातल्या लहान ओहोळांवर साधतं. कासच्या रस्त्याला, आंबोलीला कातळावरून घसरणाऱ्या धारा पावसाळाभर असतात. दरडीची जागा टाळून, गाडी नीट बाजूला घेऊन थांबा. दहा मीटर अंतरावरून ३०० वर तुमच्या फ्रेममध्ये जेमतेम ८० सेंटिमीटर रुंदीची जागा येते. एवढं पाणी एका चित्राला भरपूर होतं.

आता शटरस्पीड. पाणी सगळीकडे सारख्या वेगानं पडत नाही, हे लक्षात घेतलंत तर पुष्कळ कोडी सुटतील. कडेवरून सुटून एक मीटर खाली आलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला साधारण साडेचार मीटर असतो. हवेचा अडथळा सोडला, तर दहा मीटर खाली तोच चौदा मीटरवर जातो. म्हणजे तिथे १/१००० सेकंदातही थेंब जवळजवळ दीड सेंटिमीटर सरकतो आणि क्लोज-अपमध्ये त्याची रेघ दिसते. थेंब मोत्यासारखा गोठवायचा असेल तर कडेजवळचं पाणी घ्या आणि १/२००० किंवा १/४००० ठेवा. ढगाळ दिवशी त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवावाच लागतो. वाढवा, कचरू नका. कातळावरून घसरणाऱ्या पाण्याला मात्र मी १/८ ते १/२ सेकंद देते, अर्थात ट्रायपॉडवर. दोन-चार सेकंदांचं एक्स्पोजर आजकाल सर्रास दिसतं, पण जवळून काढताना त्यात धारांचे पदर एकमेकांत मिसळून नुसता पांढरा पट्टा उरतो. मला ते पाणी वाटतच नाही.

पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावून फिरवायचा फिल्टर, जरूर घ्या. ओल्या कातळावर आकाशाची चकाकी असते. तो फिरवला की ती जाते, दगडाचा काळा आणि शेवाळाचा हिरवा वर येतो. मात्र पूर्ण फिरवू नका. थोडी चकाकी राहिली तरच दगडाला गोलाई दिसते. त्यात दीड-दोन स्टॉप प्रकाश कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), तो संथ शटरला उपयोगीच पडतो.

आणि एक सांगायलाच हवं. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला किंवा आवाज वाढला, तर कॅमेरा आवरत बसू नका. आधी वर या.

प्रश्न : लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॅरिटी (छटांमधला ठळकपणा) वाढवली की दगड छान दिसतो, पण पाणी वाळूसारखं खरखरीत होतं. शिवाय पाण्याचा पांढरा भाग आधीच जळालेला असतो. – एक वाचक, पुणे

उत्तर : जळण्याचं, म्हणजे पांढऱ्यातला तपशील नाहीसा होण्याचं, कारण कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरमध्ये आहे. फ्रेममध्ये काळा कातळ जास्त असला की मीटर त्याला राखाडी करायला जातो आणि त्या ओघात पाणी जळून पांढरंफट्ट होतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे २/३ ते उणे १ ठेवा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आदळत नाही ना ते बघा आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. सावलीतला तपशील नंतर वर काढता येतो. पांढऱ्यात एकदा काहीच उरलं नाही, तर कुठल्याही स्लायडरनं ते परत येत नाही.

क्लॅरिटी सगळ्या फोटोला एकदम देऊ नका. मी कोल्हापुरात डार्करूममध्ये वाढले. तिथे एन्लार्जरच्या उजेडात हाताची सावली धरून प्रिंटचा एकेक कोपरा उजळ किंवा गडद करायचो. लाइटरूममधला मास्क, म्हणजे फोटोचा निवडून वेगळा केलेला भाग, हा तोच हात. पाण्याला वेगळा मास्क करा आणि तिथे क्लॅरिटी, टेक्श्चर थोडं उणे न्या. दगडाला वेगळा करून तिथे अधिक. मग धारेतल्या दोन-तीनच रेषा निवडा आणि बारीक ब्रशनं हलक्या उजळा. कुठल्या रेषा, हे तुमच्या डोळ्यानं ठरवायचं. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

सावलीतल्या पाण्यात निळसर झाक येते. ती पूर्ण पुसू नका, काळ्या बेसॉल्टशेजारी ती फार सुंदर दिसते. कृष्णधवल करणार असाल, तर हिरवा आणि पिवळा स्लायडर खाली ओढून बघा. शेवाळ दगडात विरून जातं आणि फक्त धार उरते.

फोटो आडवा फिरवूनही बघा. पडणारं पाणी वाऱ्यासारखं वाटायला लागतं. नाणेघाटात जोराच्या वाऱ्यानं पाणी खरोखरच वर उडतं. तिथला क्लोज-अप न फिरवताही तसाच भास देतो.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. रेशमी पाणी येईल का? – एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : येईल. मोबाइल दगडावर किंवा छोट्या ट्रायपॉडवर पक्का ठेव, स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक कर आणि न हलवता एकामागोमाग सोळा फोटो काढ. आयफोन असेल तर लाइव्ह फोटोमध्ये लाँग एक्स्पोजरची सोय आहेच. नसेल तर घरी किंवा कॉलेजच्या संगणकावर गिंप हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर वापर, ते फुकट मिळतं. सगळे फोटो एकावर एक लेयर म्हणून ठेव. सर्वांत खालच्याची ओपॅसिटी (अपारदर्शकता) १०० टक्के, त्यावरच्याची ५०, मग ३३, २५, २० अशी १०० ला लेयरच्या क्रमांकानं भागत जा. सगळ्यांची सरासरी निघते, दगड जागच्या जागी राहतो आणि पाणी मऊ होतं. सोळा फोटोंच्या सरासरीत नॉइजही (दाणेदारपणा) एक चतुर्थांशावर येतो, त्यामुळे सावल्या स्वच्छ निघतात. निम्मेच फोटो घेऊन एकदा करून बघ, पाण्याचा पोत वेगळा येईल. कुठला आवडतो ते तू ठरव.

लेन्सवर तुषार बसतातच. मऊ सुती कापड खिशात ठेव आणि प्रत्येक मालिकेच्या आधी लेन्स पूस, नाहीतर तोच डाग सगळ्या फोटोंत एकाच जागी येईल आणि सरासरीतही जाणार नाही.

प्रश्न : धारेच्या फोटोचे रंग मी उलटे केले. पाणी काळं, दगड पांढरा; शाईनं काढल्यासारखं दिसतं. स्पर्धेच्या निसर्ग विभागात पाठवू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : निसर्ग विभागात नको. फियाप (आंतरराष्ट्रीय महासंघ), पीएसए (अमेरिकेतली) आणि आरपीएस (ब्रिटनमधली) या छायाचित्रण संस्थांनी मिळून निसर्ग-छायाचित्राची जी व्याख्या केली आहे, तिच्यात चित्रातल्या गोष्टी घालणं, काढणं, हलवणं चालत नाही आणि मूळ दृश्य नैसर्गिक दिसावं लागतं. पूर्ण कृष्णधवल चालतं, उलटे रंग नाहीत. तुमचं चित्र ओपन विभागात पाठवा, आणि तिथे ते बिनधास्त पाठवा. उलटं केल्यावर पाण्यातले पोकळ भाग, जे पांढऱ्यात दिसतच नाहीत, ते ठसठशीत दिसतात. म्हणून मला हा प्रकार मनापासून आवडतो. पाठवण्याआधी वरचा उजळ कोपरा थोडा गडद करा, नजर तिकडे पळते आहे. मूळ रॉ फाइलही जपून ठेवा, परीक्षक ती मागू शकतात.