‘मुनाफा’ म्हटलं तरी ती ठेवच

प्रश्न : माझे मिस्टर एसटीतून निवृत्त झाले. व्याज घ्यायचं नाही म्हणून फंडाचे ६ लाख रुपये आम्ही नावात ‘इस्लामिक बँकिंग’ असलेल्या एका संस्थेत ठेवले. चार महिन्यांपासून मुनाफा बंद आहे, मुदत संपूनही महिना झाला. चालक म्हणतात, “तुम्ही भागीदार आहात, तोटा सोसा. पोलिसांत जाता येणार नाही.” पावती आणि मुद्दलाचा चेक माझ्याकडे आहे. काय करू?
– एक भगिनी, मालेगाव

उत्तर : ताई, जाता येतं, आणि याच आठवड्यात जा.

आधी त्या पाटीचं बोलू. मलेशियात, आखाती देशांत व्यापारी बँकांच्या बरोबरीने इस्लामिक बँका मध्यवर्ती बँकेच्या परवान्याने चालतात. भारतात अशी एकही बँक नाही. त्यांचा एक नेहमीचा व्यवहार म्हणजे मुराबहा : व्याजाऐवजी बँकेने माल घ्यायचा आणि नफा धरून ग्राहकाला विकायचा. आपल्या १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचं कलम ८ बँकेला मालाची खरेदी-विक्री करूच देत नाही. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. परवाना नसताना नावात ‘बँकिंग’ लावायला त्याच कायद्याच्या कलम ७ ची मनाई आहे. बँकेतल्या ठेवीला मिळणारं ५ लाखांचं विमासंरक्षणही तुमच्या पैशाला नाही, हे मला जड मनाने सांगावं लागतंय.

आता ‘भागीदार’. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्यात, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, परत करायच्या बोलीवर घेतलेली रक्कम ही ठेवच, मग वर व्याज द्या, नफा द्या, नाहीतर काहीच देऊ नका. भागीदाराचं भांडवल मात्र त्यातून वगळलंय, आणि हे लोक नेमके त्याच फटीत शिरतात. पण तुम्ही पाठवलेला पावतीचा फोटो मी मोठा करून पाहिला. वर छापलंय ‘मुदारबा भागीदारी’. खाली निळ्या शाईत, सहीशिक्क्यासह : ‘१८ महिन्यांनी मुद्दल परत, दरमहा १२,००० मुनाफा’. मुदारबा म्हणजे एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत; त्यात नफ्याचा वाटा ठरतो, रक्कम नाही. मुद्दलाची हमी तर नसतेच. म्हणजे ही शरियतची भागीदारी नाही आणि कायद्याचीही नाही. ती निळी ओळ तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. जोडीला भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडून संस्थेचा उतारा काढा. त्यात तुमचं नाव नसेल तर त्यांचा बचाव आणखी लंगडा पडतो.

तक्रार लेखी द्या, पोलीस ठाण्यात आणि ग्रामीण पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत, एमपीआयडी कलम ३ आणि फसवणुकीची. पोच घ्या. आणखी ठेवीदार असतील तर एकत्र जा, कारण कलम ४ खाली सरकार चालकांची मालमत्ता जप्त करू शकतं, आणि पैसे परत येण्याचा खरा रस्ता तोच आहे. तो लांबचा आहे, वर्षं लागतात.

चेकचं मात्र घड्याळ चालू आहे. त्यावर मुदतीचीच तारीख आहे, म्हणजे वटवायला दोनच महिने उरले. तो परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत वकिलामार्फत नोटीस द्या. नोटीस मिळून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात चेक न वटल्याबद्दल परक्राम्य संलेख कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ खाली न्यायालयात तक्रार करा.

आणि ते ‘नवीन करारनामा करू, जुनी पावती द्या’ म्हणत घरी आले, तर पावती देऊ नका, सहीही करू नका. अगदी जमातीतलं वडीलधारं माणूस सोबत आणलं तरी.