तिला विचारलंस का?

प्रिय दोस्ता,

वयाने तू माझ्या मुलापेक्षाही लहान. पण एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आपण सात वर्षं काम केलं, तेव्हा दोस्त म्हणायचा हक्क मला आहे. परवा तू फोनवर बोललास त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही. तू जिन्यात उभा राहून दबक्या आवाजात बोलत होतास, आत तुझी बायको झोपली होती. तिच्या कॅन्सरचं सांगून शेवटी विचारलंस तेवढं नीट ऐकलं. "तिला किती सांगू?"

तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. फोनवर सुचत नाही मला. आता सावकाश लिहिते.

हाच प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी मला पडला होता, माझ्या नवऱ्याला, यांना, कॅन्सर झाला तेव्हा. डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेतलं, आजार कुठवर पोचलाय ते सांगितलं आणि "त्यांना किती सांगायचं ते तुम्ही ठरवा" म्हणून निघून गेले. त्या दिवशी मला वाटलं, केवढा समजूतदार माणूस. आज आठवलं की राग येतो. यांच्या शरीराची बातमी माझ्या हातात कोंबून ते मोकळे झाले. मी ती तीन आठवडे लपवली. साधी गाठ आहे, औषधांनी जाईल, असं सांगत राहिले. हे "बरं, बरं" म्हणायचे. पुढे कधीतरी कळलं की दुसऱ्याच दिवशी, मी खाली औषधं आणायला गेले तेव्हा, यांनी फाइल उघडून सगळे रिपोर्ट वाचले होते आणि कागद होते तसे, त्याच क्रमाने लावून ठेवले होते. म्हणजे तीन आठवडे मी यांना सांभाळत होते आणि हे मला. दोघांना रात्री झोप नाही, आणि दोघंही झोपेचं सोंग घेऊन पाठ करून पडलेलो.

तेव्हा "किती सांगू" हे डोक्यातून काढून टाक. तिलाच विचार, तुला किती जाणून घ्यायचंय? काहींना आकड्यांसकट सगळं हवं असतं. काहींना फक्त पुढच्या पंधरा दिवसांचं. काही जण सरळ म्हणतात, तू ऐकून घे, मला नको सांगूस. तिने तसं म्हटलं तर तेही चालेल, कारण ते तिने ठरवलेलं असेल. आणि एकदा विचारून काम भागत नाही. पहिल्या महिन्यात नको म्हणणारा माणूस चौथ्या महिन्यात सगळं मागतो. नातेवाईक "तिला कळलं तर खचेल" म्हणतील, प्रेमानेच म्हणतील. त्यांचं ऐकून घे आणि त्यांनाही विचार, तुम्हाला झालं असतं तर?

आता आकड्यांचं. तू रात्रभर मोबाइलवर वाचत बसतोस हे तुझ्या बोलण्यावरून कळलंच. थोडं सुटं करून सांगते. स्टेज म्हणजे आजार किती पसरलाय. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मूळ पेशींपेक्षा किती बिघडलेल्या दिसतात. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घाबरलेला माणूस दोन्हींची खिचडी करतो. 'पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण' म्हणून जे छापलेलं असतं, ते बहुधा निदान होऊन किमान पाच वर्षं उलटलेल्या रुग्णांवरून काढलेलं असतं. म्हणजे त्यात गेल्या दोन-तीन वर्षांतली औषधं पुरती धरलेली नसतात. आणि 'मध्यक' या शब्दाने तर माझी झोप उडवली होती. हार्वर्डचे जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली पोटातला मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर झाला. त्यांनी शोधलं तर मध्यक आठ महिने. पण मध्यक आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात आणि उरलेले निम्मे त्यापुढे जगतात. त्या उरलेल्यांची रांग कुठवर जाते, ते हा आकडा सांगतच नाही. गूल्ड वीस वर्षं जगले आणि २००२ मध्ये गेले ते वेगळ्याच कॅन्सरने. यांना चार वर्षं मिळाली. आम्हाला सांगितलं होतं त्यापेक्षा ती जास्त होती आणि मला हवी होती त्यापेक्षा कमी. तुमचं काय होईल ते या दोन्हींवरून सांगता येणार नाही. पण रात्री दोन वाजता एक आकडा घेऊन छतावर डोळे लावून पडू नकोस, एवढंच.

एक प्रश्न मात्र उपचार सुरू होण्याआधीच विचारायचा आहे, म्हणून तो मध्येच लिहिते. तुम्हाला अजून मूल नाही. काही केमोंनी आणि रेडिएशननी मूल होण्याची शक्यता कमी होते, कधी कायमची जाते. बीजं किंवा भ्रूण गोठवून ठेवता येतात का, त्यासाठी उपचार किती दिवस थांबवता येतील, थांबवणं धोक्याचं आहे का, हे ऑन्कोलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, पहिल्या केमोच्या आधी विचारा. त्या घाईगर्दीत हा विषय कोणी आपणहून काढेलच असं नाही. आणि तुलाही तो काढायची लाज वाटेल, "तिचा जीव महत्त्वाचा, आता हे कसलं बोलायचं" म्हणून. तिला विचार. तिच्या मनात तो कदाचित पहिल्या दिवसापासून असेल.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसते कागद नेऊ नकोस. बायोप्सीत तपासायला काढलेल्या तुकड्याचे मेणात जपलेले ब्लॉक आणि काचेवरच्या स्लाइडही मागून घे, म्हणजे तिथल्या पॅथॉलॉजिस्टना, पेशी तपासणाऱ्या डॉक्टरांना, त्या पुन्हा बघता येतील. दुसरं मत घेतलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

मग केमो. दर तीन आठवड्यांनी एक सायकल, म्हणजे केमोची एक फेरी, म्हणालास ना? मळमळ होऊ नये म्हणून केमोबरोबर बहुधा डेक्सामेथासोन देतात. ते स्टेरॉइड आहे. त्याने झोप उडते, माणूस चिडचिडा होतो, आणि ते थांबलं की एकदम गळून जातो. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या केमोनंतर यांनी रात्री दोन वाजता सगळं कपाट बाहेर काढून आवरायला घेतलं. चौथ्या दिवशी शर्टाचं बटण तुटलं म्हणून माझ्यावर असे तुटून पडले की मी बॅग भरायच्या बेतात होते. संध्याकाळी बघते तर तोच शर्ट मांडीवर घेऊन रडत बसलेले. तिसऱ्या सायकलला नर्सबाईंनी सहज सांगितलं, "ते स्टेरॉइडचे दिवस हो." त्यानंतर भांडण व्हायची वेळ आली की आमच्यातलं कुणीतरी म्हणायचं, गोळी बोलतेय. कधीकधी गोळी बोलत नसायची, खरंच भांडण असायचं. तेही केलं आम्ही.

तापाच्या बाबतीत मात्र विचारत बसू नकोस, फोन लाव. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, "काउंट खाली गेलेत" म्हणतात ते हेच. त्या दिवसांत ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. आपल्या मनाने पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवायचा नाही, खूण तेवढी पुसली जाते आणि संसर्ग आत चालूच राहतो. रात्री लागणारा नंबर कोणता, ते आधीच विचारून भिंतीवर लावून ठेव.

लोक भेटायला येतील आणि तिला म्हणतील, "सकारात्मक राहायचं, मग बघ." मला या वाक्याची चीड आहे. ज्या दिवशी तिला रडावंसं वाटेल त्या दिवशी ती घाबरेल, की आपण रडलो म्हणून गाठ वाढेल. तसं काही नसतं. २००७ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या हजारावर रुग्णांचा अभ्यास छापून आला. मनाने कोण किती बरं आहे यावर कोण किती जगेल हे ठरतं, असं त्यात आढळलं नाही. तिला हे सांग. तिला वाटेल तेवढं रडू दे, आणि हसवणारा पाहुणा आला तर त्याला जरा जास्त वेळ बसू दे.

पॅलिएटिव्ह केअर हा शब्द ऐकलास की तू फोन ठेवशील, म्हणून पत्रातच लिहिते. ते शेवटच्या आठवड्यासाठीच असतं असं नाही. दुखणं, दम लागणं, झोप, भीती, हे सगळं बघणारे ते डॉक्टर. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानापासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर हे डॉक्टर मिळाले, त्यांचे दिवस बरे गेले, उदासी कमी राहिली, शेवटाकडचे जबरी उपचार कमी झाले, आणि तरीही ते नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा थोडे जास्तच जगले. आम्ही फार उशिरा गेलो. दुखण्यावर मॉर्फिन म्हटलं की सगळं संपलं असं मला वाटायचं, त्यापायी यांनी दोन महिने दात आवळून काढले. दोष डॉक्टरांचा नव्हता, माझा होता. मी यांना विचारलंच नव्हतं, दुखतंय किती?

आता तुमच्या दोघांचं, जे मला मुख्यतः सांगायचंय. गंभीर आजारात लग्नं किती टिकतात यावर अमेरिकेतल्या ५१५ रुग्णांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आजारी नवरा असेल तेव्हा वेगळं होण्याचं प्रमाण २.९ टक्के. आजारी बायको असेल तेव्हा २०.८. तू सोडून जाणाऱ्यातला नाहीस, मला माहीत आहे. पण घर न सोडताही माणूस निघून जातो. औषधांचं वेळापत्रक, फाइल, विमा, रांगा, यात तू इतका चोख होशील की तिच्या खोलीत तू फक्त गोळी घेऊन जाशील. मी तशी झाले होते. हे एकदा म्हणाले, "सिस्टर, आमच्या बायकोला पाठवता का जरा?" मी हसले. आत जाऊन ढसाढसा रडले.

तेव्हा जवळ जा. कॅन्सर शिवल्याने होत नाही. केमोनंतर दोनेक दिवस औषधाचा अंश लघवीत, उलटीत उतरतो, तेव्हा ते साफ करताना हातमोजे घाल. मिठी मारायला मोजे लागत नाहीत. बाकी शरीरसंबंधांचं डॉक्टरांना स्पष्ट विचार, कधी चालेल, काय काळजी घ्यायची. तिला तुझी गरज नसेल असं गृहीत धरू नकोस आणि असेल असंही नको. केस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जायला लागतात, सगळ्याच औषधांनी जात नाहीत, पण जाणार असतील तर आधी ठरवा की ती आधीच कापून टाकणार का, आणि कात्री कोण धरणार.

आणि तू. आमच्याकडे एक वही होती, ताप, गोळ्या, पाणी किती प्यायलं, शौचाला झालं का, सगळं मी लिहायचे. एका सकाळी पान उघडलं तर यांच्या अक्षरात, केमोने थरथरत्या हातानं लिहिलेलं: "रुग्ण: ही. झोप: दोन तास. जेवण: उभ्याने. ताप: कोणी बघितला नाही. ओरडणे: नेहमीप्रमाणे. सल्ला: बहिणीला बोलवा." मी बहिणीला बोलावलं. तोवर सगळ्यांना "नको, जमतंय" सांगत होते. तू परवा मला तेच सांगितलंस, शब्दही तेच. कोणी "काही लागलं तर सांग" म्हटलं की त्याला तिथेच काम सांग: मंगळवारी रक्ताचे रिपोर्ट आण, गुरुवारी चार ते सहा तिच्याजवळ बस. त्या दोन तासांत तू झोप. बातम्या सगळ्यांना फोनवर परत परत सांगू नकोस, एका भावाला नेमून टाक.

पुढचं स्कॅन कधी आहे ते तारखेनिशी कळव. स्कॅन झाल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंतचे दिवस वाईट असतात, त्यातल्या एका दिवशी मी येऊन बसेन. बोलायलाच हवं असं काही नाही.

आज रात्री जिन्यात जाऊ नकोस. आत जा, तिच्याजवळ बस आणि विचार. काय म्हणाली ते मला कळवायची गरज नाही.

तुझी,
जुनी मॅडम

ता. क. थर्मामीटरचा सेल बदलून ठेव. आमचा रात्री पावणेतीनला संपला होता.