अचानक आलेले मरण आणि प्रभूचा न्याय

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आदरणीय फादर, माझे वडील गेल्या पावसाळ्यात रात्री झोपेतच हृदयविकाराने वारले. धर्मगुरूंना बोलावण्याइतकीही सवड मिळाली नाही. दफनविधीनंतर घरी जमलेल्या एका वडीलधाऱ्या नातलगांनी सर्वांदेखत म्हटले, ‘संस्काराविना गेला, आता त्याचे कसे व्हायचे?’ तेव्हापासून आईला झोप लागत नाही. वाडीच्या वाटणीवरून वडिलांचे धाकट्या काकांशी अनेक वर्षे बोलणे नव्हते, त्यामुळे तिची भीती आणखीच वाढली आहे. माझ्या मनावर वेगळे ओझे आहे. वारसनोंदीसाठी जुने फेरफार काढले, तेव्हा काकांच्या हिश्श्याचा काही भाग मोबदला न देताच आमच्या नावावर चढवला गेल्याचे दिसले. वडिलांचा न्याय झाला असेल का? त्यांच्यासाठी आम्ही अर्पण करीत असलेल्या मिस्सांचा (चर्चमधील उपासनाविधींचा) त्यांना उपयोग होतो का? आणि मी स्वतः न्यायाची तयारी कशी करावी?
— एक वाचक, वसई परिसर

उत्तर : तुमच्या आईंना सर्वप्रथम हे सांगा की, अमुक एक मनुष्य नरकात गेला, असे नाव घेऊन ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, आजवर कधीही घोषित केलेले नाही. असंख्य स्त्रीपुरुषांना तिने संत म्हणून गौरवले. पण प्रभूचा विश्वासघात करणारा शिष्य यहुदा इस्कार्योत याच्याविषयीदेखील तिने असा अधिकृत निर्णय दिलेला नाही. कृती गंभीर पापाची आहे की नाही हे आपण सांगू शकतो, त्या माणसाचा निवाडा मात्र देवाच्या न्यायावर आणि दयेवर सोपवायचा असतो, असे कॅथलिक धर्मशिक्षण स्पष्ट सांगते. जे बोलण्याचे धाडस ख्रिस्तसभा करीत नाही, ते आपण दफनाच्या दिवशी एका विधवेसमोर बोलावे, याचे मला फार वाईट वाटते.

अचानक आलेले मरण म्हणजे देवाची शिक्षा, हा समज प्रभू येशूच्या काळीही होता. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले, तेव्हा ते यरुशलेमेतील इतर सर्वांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हांस वाटते काय, असा प्रश्न प्रभूने विचारला आणि ‘नाही’ असे उत्तरही त्यानेच दिले (लूक १३). त्यापुढे त्याने ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन केले. मेलेल्यांचा हिशेब मांडत बसलेल्या लोकांचे लक्ष त्याने त्यांच्या स्वतःच्या जीवनाकडे वळवले, ही गोष्ट आपण सर्वांनी नीट ध्यानात घ्यायला हवी.

अवचित मरणापासून आम्हांला सोडव, अशी प्रार्थना ख्रिस्तसभा पूर्वापार करीत आली आहे. कारण धर्मगुरूंपुढे केलेले शेवटचे पापनिवेदन, रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) आणि वाटेची शिदोरी म्हणून दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद या फार मोठ्या कृपा आहेत. परंतु संस्कार देणारा देव स्वतः संस्कारांनी जखडलेला नाही. देवावरील प्रेमापोटी केलेला परिपूर्ण पश्चात्ताप, शक्य होताच पापनिवेदन करण्याचा निश्चय त्यात असेल तर, गंभीर पापाचीही क्षमा मिळवून देतो, अशी शिकवण आहे. शिवाय पाप प्राणघातक ठरण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : कृती गंभीर असणे, ती गंभीर असल्याचे पूर्ण ज्ञान असणे आणि तिला जाणीवपूर्वक संमती दिलेली असणे. भावाशी धरलेल्या अबोल्यात राग किती होता, दुखावलेपण किती होते, समेटाची इच्छा कधी जागी झाली आणि ती ओठांवर का आली नाही, हे तुमच्या वडिलांच्या अंतःकरणात शिरून पाहणे आपल्याला शक्य नाही. देव ते पाहतो, आणि म्हणूनच त्याच्या हाती न्याय असणे ही आपल्या दृष्टीने आशेची गोष्ट आहे.

होय, त्यांचा न्याय झाला आहे. प्रत्येकाचा वैयक्तिक न्याय मृत्यूच्या क्षणीच होतो, असे आपण मानतो. चौदाव्या शतकात याविषयी मोठा वाद झाला होता. पोप जॉन बाविसावे यांनी आविन्यों येथील प्रवचनांत असे मत मांडले की, पुण्यवानांच्या आत्म्यांनाही अंतिम न्यायापूर्वी देवाचे साक्षात दर्शन घडत नाही. त्यावरून धर्मपंडितांमध्ये खळबळ माजली आणि डिसेंबर १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतले. त्यांच्यानंतर आलेले पोप बेनेडिक्ट बारावे यांनी २९ जानेवारी १३३६ रोजी अधिकृत शिकवण जाहीर केली : ज्यांना शुद्धीची गरज उरलेली नाही त्यांना मृत्यूनंतर लगेच, आणि ज्यांना ती आहे त्यांना शुद्धीनंतर, देवाचे दर्शन घडते, त्यासाठी जगाच्या अंताची वाट पाहावी लागत नाही.

ही शुद्धी म्हणजेच शुद्धिस्थान. लहानपणी पाहिलेल्या चित्रांमुळे अनेकांच्या मनात त्याची प्रतिमा सौम्य नरकासारखी झालेली आहे, आणि ती बदलणे आवश्यक आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये आशेविषयीच्या परिपत्रकात अलीकडच्या काही धर्मपंडितांचे मत आदराने मांडले आहे, ते असे की जाळणारा आणि तारणारा तो अग्नी म्हणजे स्वतः ख्रिस्तच होय. त्याच्या दृष्टीसमोर आपल्यातील सर्व खोटेपणा गळून पडतो, आणि ती वेदना आपल्याला मुक्त करणारी असते. या वाटेवर असलेल्यांना आपल्या प्रार्थनांचे, दानधर्माचे आणि सर्वांत अधिक पवित्र मिस्साबलीचे साहाय्य होते. मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा बायबलमधील मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातही आढळते. तेव्हा मिस्सा अवश्य अर्पण करा आणि आईंनाही सोबत न्या.

आता तुमच्या स्वतःच्या ओझ्याकडे वळतो. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग मला तोच वाटतो. मृत्यूच्या वेळी न्याय होतो तर जगाच्या अंती पुन्हा न्याय कशाला, हा प्रश्न संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाताळला आहे. त्यांचे म्हणणे असे की, माणूस मेला तरी त्याचे जीवन एका अर्थी चालूच राहते : लोकांच्या स्मरणात, त्याच्या मुलाबाळांत आणि त्याच्या कृत्यांच्या परिणामांत. ते परिणाम संपल्याशिवाय त्या जीवनाचा संपूर्ण निवाडा उघडपणे होऊ शकत नाही. तुमच्या घरात हेच घडत आहे. वडील गेले, परंतु त्या फेरफाराचा परिणाम अजून चालू आहे. काकांच्या मुलांच्या ताटातले काहीतरी अजूनही तुमच्या ताटात येत आहे.

बापाच्या अपराधाचा भार मुलगा वाहणार नाही, असे यहेज्केल संदेष्टा सांगतो (अध्याय १८). वडिलांनी केलेल्या चुकीचा दोष तुमचा नाही. मात्र दुसऱ्याच्या हक्काची वस्तू आपल्याकडे आहे हे कळल्यानंतर ती ठेवून घेणे, ही आपली स्वतःची कृती ठरते. पापनिवेदनात मिळालेल्या क्षमेने पाप दूर होते, पण पापाने केलेली हानी आपोआप भरून निघत नाही. चोरलेले परत करणे, बदनामी केली असेल तर ती पुसून काढणे, जखमेची भरपाई करणे हे शक्य तेवढे करावेच लागते. जकातदार जक्कयाच्या घरी प्रभू गेला, तेव्हा जक्कयाने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना आणि अन्यायाने घेतलेल्याची चौपट परतफेड कबूल केली, आणि त्यानंतर प्रभू म्हणाला की आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. भावनेच्या भरात मात्र काही करू नका. आधी जाणत्या वकिलाकडून सर्व कागदपत्रे तपासून घ्या, कारण त्या काळी भावाभावांत तोंडी काही ठरले असण्याचीही शक्यता आहे. मग आई आणि भावंडांना विश्वासात घ्या आणि काकांकडे स्वतः जा. निरोप पाठवू नका. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट कर, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५). वडिलांना जे जमले नाही ते तुमच्या पावलांनी घडणार असेल, तर त्यांच्या नावे याहून मोठे दान कोणते असू शकेल?

न्यायाची तयारी कशी करावी, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक यातच आले आहे. न्याय म्हणजे आपले जीवन देवासमोर जसे आहे तसे उघड होणे. ते सत्य आजच आपल्या तोंडाने बोलण्याची सवय पापनिवेदनात लागते. रोज झोपण्यापूर्वी थोडा वेळ विवेकाची तपासणी करा, पापनिवेदन वर्षातून एकदा उरकण्याचा विधी होऊ देऊ नका, आणि मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेले, तहानेले, परके, उघडे, आजारी आणि बंदिवान यांच्याविषयी जे विचारले जाणार आहे, ते वरचेवर वाचा. घरात कोणी गंभीर आजारी पडले वा वयोमानाने थकले, तर धर्मगुरूंना वेळीच बोलवा. रुग्णाभ्यंग हा केवळ शेवटचा श्वास घेणाऱ्यांचा संस्कार नाही, हे बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितले आहे. तरीही फादर आले की आजारी माणूस घाबरेल, या समजापायी कित्येक कुटुंबे ही कृपा हातची घालवतात.

प्रश्न : देव चांगला आहे आणि सर्व काही त्यानेच निर्माण केले आहे, तर दुष्टाई आणि सैतान कोठून आले? पाप घडल्यावर ‘सैतानाने माझ्याकडून करवून घेतले’ असे म्हणता येईल का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी

उत्तर : संत अगस्तीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मानी पंथाच्या नादी लागले होते. प्रकाश आणि अंधार ही दोन स्वयंभू, सनातन तत्त्वे आहेत, असे तो पंथ मानी. पुढे त्यांना उमगले की दुष्टाईला स्वतःचे असे अस्तित्वच नाही. जे चांगले असायला हवे होते त्याचा अभाव म्हणजे दुष्टाई. वाळवीला पोसायला लाकूड लागते, तशी दुष्टाई नेहमी कोणत्यातरी चांगल्या गोष्टीला लागूनच जगते. सैतानाविषयीही ख्रिस्तसभेची शिकवण हीच आहे. १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने स्पष्ट केले की, सैतान आणि इतर दुष्टात्मे यांना देवाने स्वभावतः चांगलेच निर्माण केले होते; ते दुष्ट झाले ते स्वतःच्या करणीने. प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे, असा नियम घालून देणारी परिषदही हीच, आणि हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो : दुष्टाईचे मूळ मुक्त इच्छेत आहे असे सांगणाऱ्यांनीच, ‘मी पाप केले’ असे प्रत्येकाने आपल्या मुखाने म्हणावे, असाही आग्रह धरला.

तेव्हा तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. सैतान मोह घालू शकतो, संमती मात्र आपली असते. एदेन बागेत आदामाने स्त्रीकडे बोट दाखवले आणि स्त्रीने सर्पाकडे. ‘मी केले’ असे सरळ कोणीच म्हटले नाही. अगस्तीनांनी आपल्या आत्मकथनात किशोरवयातील नाशपातींच्या चोरीची आठवण सांगितली आहे. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळे होती, तरी जे करू नये तेच करण्यात त्यांना गोडी वाटली. त्या प्रसंगी साथीदारांचा हात होता हे ते मान्य करतात, पण दोष त्यांच्यावर ढकलून मोकळे होत नाहीत.

निरपराधांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचे झटपट उत्तर माझ्याकडे नाही, आणि ख्रिस्तसभाही तसे उत्तर असल्याचा दावा करीत नाही. निर्मितीपासून क्रूस आणि पुनरुत्थानापर्यंतचा संपूर्ण ख्रिस्ती विश्वास मिळूनच त्या प्रश्नाचे उत्तर होते, असे ती म्हणते. अंतिम न्यायावरील श्रद्धा त्या उत्तराचा भाग आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला आणि ज्यांची दाद या जगात कोणी घेतली नाही, त्यांच्यासाठी तो दिवस सुवार्तेचा आहे. स्वर्गीय मेजवानीत अत्याचार करणारे आपल्या बळींच्या शेजारी, जणू काही घडलेच नाही अशा रीतीने, बसणार नाहीत, असे वर उल्लेखिलेल्या २००७ च्या परिपत्रकात म्हटले आहे.

प्रश्न : तीन दिवसांचा अंधार पडणार असून आशीर्वादित मेणबत्त्या घरात ठेवाव्यात, असे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर सतत येत असतात. त्यांवर विश्वास ठेवावा का?
— एक गृहिणी

उत्तर : ठेवू नये. तो दिवस व ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय २४). कोणत्याही खाजगी प्रकटीकरणाला (एखाद्या व्यक्तीला झालेल्या दर्शनाला वा संदेशाला), मग ते ख्रिस्तसभेने मान्य केलेले का असेना, शुभवर्तमानात भर घालता येत नाही, आणि हे व्हिडिओ तर बहुधा कोणाच्याही मान्यतेशिवाय फिरत असतात. आशीर्वादित मेणबत्ती घरात जरूर असावी. ती लावून कुटुंबाने एकत्र जपमाळ म्हणावी, आणि तो व्हिडिओ पुढे न पाठवता काढून टाकावा.