मुंबईत वन रूम किचनमध्ये राहून डायोरामा (म्हणजे खऱ्या जागेचे छोट्या मापातले देखावे) बनवण्याचा आणि त्यांचे फोटो काढण्याचा छंद जमेल का?

जमेल. मी कांदिवलीत तेवढ्याच जागेत राहतो आणि माझी अख्खी चाळ मिठाईच्या दोन खोक्यांत मावते, पलंगाखाली.

महागडा कॅमेरा नाही, कलेचं शिक्षण नाही, मग सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. लहानपणी दिवाळीत अळीव पेरून किल्ला केला असेल तर सुरुवात कधीच झाली आहे. तो डायोरामाच. फक्त तिथे मावळा दरवाजापेक्षा उंच असायचा आणि कुणाची तक्रार नसायची. फोटोत ते लगेच खटकतं. म्हणून आधी माप ठरवा, मग कात्री हातात घ्या.

मी १:६४ धरलं, म्हणजे सगळं खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाएवढं, कारण त्या मापाच्या गाड्या खेळण्यांच्या दुकानात मिळतात. (हॉट व्हील्स घेताना पट्टी सोबत ठेवा. बस-ट्रक पाकिटात बसावेत म्हणून बरेच लहान केलेले असतात.) या मापात साडेपाच फुटी माणूस २६ मिलिमीटरचा, सात फुटी दार ३३ मिलिमीटरचं, आणि दहा बाय सोळाची खोली जेमतेम ५ बाय साडेसात सेंटिमीटर.

सामान घरचंच. भिंती सनबोर्डच्या (हलका फोमचा बोर्ड), डांबरी रस्ता बारीक पॉलिश पेपरचा, माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा. पत्र्याचं छप्पर हवं असेल तर अॅल्युमिनियम फॉइल कंगव्याच्या दातांवर बोटाने दाबा. वाळत घातलेल्या कपड्यांनी मला फार रडवलं. खरं कापड एवढ्या छोट्या मापात लोंबतच नाही, पुठ्ठ्यासारखं ताठ राहतं. शेवटी टिश्यू पेपरचा एकच पदर पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून दोरीवर टाकला, तेव्हा कुठे लुगडं लुगड्यासारखं पडलं.

पावसाचं डबकं करायला पारदर्शक नेलपॉलिश छान. पण थर्माकोलवर ओतू नका. मी ओतलं. नेलपॉलिशमधलं द्रावण थर्माकोल विरघळवतं हे मला फुटपाथ डोळ्यांदेखत खाली बसला तेव्हा कळलं, तोही तीन रात्री जागून केलेला.

आता फोटो, कारण खरी गंमत तिथे आहे. आपण देखावा वरून बघतो आणि वरूनच फोटो काढतो. मग तो टेबलावरचा खेळच दिसतो. त्या २६ मिलिमीटरच्या माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर आहेत. लेन्स तिथे न्या. त्यासाठी मोबाइल सरळ उलटा धरा, म्हणजे वरची लेन्स खाली, रस्त्याला जवळजवळ टेकते. दोन सेकंदांचा टायमर लावा, हात हलत नाही. फार जवळ जाऊ नका. मागचं सगळं धूसर झालं की डोळ्याला लगेच कळतं की वस्तू लहान आहे. थोडं मागे सरका आणि नंतर फोटोच्या कडा कापा (क्रॉप). मोबाइलचा सेन्सर छोटा असल्यामुळे पुढचं-मागचं बरंचसं स्पष्ट येतं. डीएसएलआरवाल्यांना (मोठ्या कॅमेरेवाल्यांना) त्यासाठी लेन्सचं छिद्र एफ १६ इतकं बारीक करावं लागतं, वर वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले चार-पाच फोटो जोडावे लागतात. तेव्हा कॅमेऱ्याचं दुःख सोडा.

उजेड एकाच बाजूचा हवा, कारण रस्त्यावर सूर्य एकच असतो. माझी खिडकी पश्चिमेला आहे, तिथे साडेचारनंतरचं ऊन फुकट मिळतं. पावसाळी गल्ली हवी तर उजेड मऊ व्हावा म्हणून काचेला बटर पेपर चिकटवतो. मागची इमारत मी बांधतच नाही, समोरच्या सोसायटीची खरी इमारत वापरतो. ही युक्ती मायकेल पॉल स्मिथ या अमेरिकन कलाकाराची. तो १:२४ च्या गाड्या टेबलावर मांडून मागे खरी झाडं-घरं घ्यायचा, आणि ‘एल्गिन पार्क’ नावाचं नसलेलं गाव त्याने असं उभं केलं.

आणि हो, फोटो काढण्याआधी मऊ ब्रशने धूळ झाडा. एक मिलिमीटरचा कण तिथे साडेसहा सेंटिमीटरचा धोंडा होतो. माझ्या एका फोटोत कुंडीतला मुंगळा शिरला होता. एक सेंटिमीटरचा, म्हणजे त्या गल्लीत कुत्र्याएवढा, बरोब्बर नळापाशी उभा. तो फोटो मी अजून पुसलेला नाही.