हाताने चालतं, टेस्टमध्ये पडतं

प्रश्न : आम्ही चौघं राजारामपुरीत बसून ॲप बनवतो. शाहू मार्केट यार्डातल्या अडत्यांना गुळाच्या सौद्याची पट्टी मोबाइलवर काढता येते. हाताने वापरलं तर ॲप ठणठणीत. पण एस्प्रेसो या स्क्रीन-टेस्टच्या लायब्ररीच्या ३.४.० आवृत्तीवर गेल्यापासून टेस्ट रन केली की पहिला स्क्रीन यायच्या आत ‘नो सच मेथड एरर’ (हाक मारलेली मेथड, म्हणजे कोडचा तुकडा, सापडत नाही) येऊन सगळं बंद पडतं. बिल्ड मात्र बिनबोभाट होतो. सहकारी म्हणतो, सगळ्याच लायब्ऱ्या अपडेट करून टाकू. करू का? सोबत लॉग जोडला आहे. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नका करू. दिवाळी पाडव्याला नव्या गुळाचे सौदे निघाले की तुमचे अडते फोन हातातून खाली ठेवणार नाहीत, आणि सगळं एकदम हलवलं तर नेमकं कशानं बिघडलं ते तुम्हालाच सांगता येणार नाही.

लॉग पाठवलात हे झकास केलंत. नुसतं ‘चालत नाही’ म्हणणाऱ्याला मी काय उत्तर देणार? मला लॉगमधली शेवटची ‘कॉज्ड बाय’ ही मूळ कारण सांगणारी ओळ आधी वाचायची सवय आहे. तुमच्याकडे तिथे न सापडलेली मेथड आहे ‘रजिस्टर डिफॉल्ट इन्स्टन्स’ आणि क्लास आहे ‘जनरेटेड मेसेज लाइट’. हा क्लास तुमचा नाही, एस्प्रेसोचाही नाही. तो प्रोटोबफचा, म्हणजे डेटा आटोपशीर बांधून ठेवणाऱ्या लायब्ररीचा. तुमच्या ॲपमधलं, वेग मोजणारं फायरबेस परफॉर्मन्स ‘प्रोटोबफ-जावालाइट’ घेऊन येतं. टेस्टच्या बाजूला एस्प्रेसो-कॉन्ट्रिब ही एस्प्रेसोची जोड-लायब्ररी आहे. ते ॲक्सेसिबिलिटी टेस्ट फ्रेमवर्क (अपंगांना ॲप नीट वापरता येतं का ते तपासणारं) ओढतं आणि त्याच्या मागून येतं जुनं ‘प्रोटोबफ-लाइट’ ३.०.१.

दोन आवृत्त्या भिडल्या की ग्रेडल, म्हणजे बिल्ड करणारं साधन, सहसा वरची ठेवतं, पण लायब्ररीचं नाव एकच असेल तर. इथे नावं दोन आणि आतले क्लास तेच, म्हणजे एकाच माणसाची दोन नावांनी रेशनकार्डं. ग्रेडलला संशय यायचं कारणच नाही. दोन्ही एकाच एपीकेत (फोनवर चढणाऱ्या ॲपच्या फाइलीत) आल्या असत्या तर बिल्ड ‘डुप्लिकेट क्लास’ म्हणून तिथंच अडला असता. पण एक बसली ॲपच्या एपीकेत, दुसरी टेस्टच्या. फोनवर हे दोन्ही एपीके एकाच प्रोसेसमध्ये चालतात. तिथे जुना क्लास आधी हाताला लागला, त्यात नवी मेथड सापडणार कुठून? हाताने ॲप उघडता तेव्हा टेस्टचं एपीके मध्ये नसतंच, म्हणून सगळं ठणठणीत.

मी म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः बघा. ‘डिपेंडन्सी इनसाइट’ हा टास्क ‘डीबग अँड्रॉइड टेस्ट रनटाइम क्लासपाथ’वर चालवा आणि शोधायला ‘प्रोटोबफ’ एवढंच द्या. कोण कुणामुळे आलंय ते ओळीनं छापून येईल. मग बिल्ड फाइलमध्ये एस्प्रेसो-कॉन्ट्रिबच्या ओळीपुढे महिरपी कंस उघडून ‘प्रोटोबफ-लाइट’ हे मॉड्यूल एक्सक्लूड करा. एका ओळीचं काम आहे. सहकारी आता ‘फोर्स’ लावू म्हणेल, कारण नेटवर प्रत्येक दुखण्यावर तेच औषध लिहिलेलं असतं. फोर्सने एका नावाची आवृत्ती पक्की होते. इथे नावंच दोन आहेत, राव.

एक मात्र बघा : टेस्टमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या तपासण्या चालू केल्या असतील तर त्या वेगळ्या रन करून घ्या. काढलेली लायब्ररी त्यांच्यासाठीच आली होती.

प्रश्न : कंपोजच्या (अँड्रॉइडचे स्क्रीन बांधायच्या टूलकिटच्या) टेस्ट लायब्ररीची आवृत्ती ॲपशी जुळवताना दर वेळी घोळ होतो. — एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : कंपोजचा बीओएम (एकमेकींशी जुळणाऱ्या आवृत्त्यांची यादी) तुम्ही फक्त ‘इम्प्लिमेंटेशन’ला लावलाय का? तोच ‘अँड्रॉइड टेस्ट इम्प्लिमेंटेशन’लाही लावा आणि टेस्टच्या ओळीतला आवृत्तीचा आकडा पुसून टाका. आणि हो, कुठे आकड्याच्या जागी अधिकचं चिन्ह (म्हणजे ‘जी सगळ्यात नवी असेल ती घे’) टाकलं असेल तर तेही काढा. काल पास झालेली टेस्ट कुणी कोडला हात न लावता आज फेल झाली, तर मी आधी तिथेच बघतो.